थेरीची थेरडी

‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ विधानसभेतल्या भाषणापासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत ही म्हण कुठेही ऐकू येते. लहान चुकीकडे काणाडोळा केला की उद्या मोठी चूक करायला लोक धजावतात, असा तिचा इशारा. बोलणाऱ्याचा सगळा जोर दुसऱ्या अर्ध्यावर असतो आणि ऐकणाऱ्यांच्या मानाही तिथेच डोलतात. पहिला अर्धा कुणाला खटकत नाही. म्हातारी मेली तर दुःख कसलं, हे इतकं ठरून गेलेलं आहे की त्याच्या पायावर पुढचा युक्तिवाद बिनदिक्कत उभा राहतो. मी मात्र अलीकडे त्या पहिल्या अर्ध्यापाशीच अडते. ती म्हातारी कुणाची तरी कुणी असेल ना? तिच्या मरणाचं दुःख करायचं नाही, हे कधी ठरलं?

म्हणीतली म्हातारी निदान नुसतीच म्हातारी आहे. वय झालेल्या बाईसाठी आपल्या भाषेत याहून कितीतरी धारदार शब्द आहेत. थेरडी, म्हातारडी, जखीण, हडळ, सटवी, अवदसा, चेटकीण, डाकीण, बोडकी. घरात सुनेच्या तोंडी एक, नळावर शेजारणीच्या तोंडी दुसरा, शेताच्या बांधावर पुतण्याच्या तोंडी तिसरा. हे शब्द मी मोल्सवर्थच्या कोशात पाहिले, दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त पाहिले, कृ. पां. कुलकर्णींच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’त त्यांची मुळं शोधली. एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. यातले बरेच शब्द शिवी म्हणून जन्मलेलेच नाहीत. काही मानाचे होते, काही दुःखाचे. मान ओसरला, दुःख कुणी केलं नाही, आणि मागे उरलेला शब्द म्हाताऱ्या बाईच्या अंगावर भिरकावायला मोकळा झाला.

आधी ‘म्हातारी’च घेऊ. ‘महत्तर’ या संस्कृत शब्दापासून म्हातारा-म्हातारी आले. महत्तर म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट पाहिले तर जमीन दान देताना राजा ज्यांना ज्यांना उद्देशून आज्ञा सांगतो, त्या मानकऱ्यांच्या यादीत हे महत्तर असतात. गावातली वडीलधारी माणसं, ज्यांच्या कानावर घातल्याशिवाय गावातली गोष्ट पक्की होत नसे. म्हणजे ज्या शब्दात आज थकलेले गुडघे आणि मोतीबिंदू दिसतात, त्या शब्दात एके काळी गावाचा कारभार होता.

आणि मराठी भाषेवर तर म्हाताऱ्यांचं मोठं ऋण आहे. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त एक आठवण नोंदलेली आहे. चक्रधरस्वामींच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. केशिराज हे त्यांचे विद्वान शिष्य, संस्कृतावर प्रभुत्व असलेले. त्यांनी संस्कृतात रचना करायला घेतली तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण असं दिलं की त्यामुळे आपला साधासुधा परिवार, त्यातल्या म्हाताऱ्या, या ज्ञानाला मुकतील. हे सारं तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावरचं. त्या काळात पंडितांची मान्यता मिळवायची तर संस्कृतात लिहावं, हा सरळ हिशेब होता. तो बाजूला सारून एका गुरूने डोळ्यांसमोर कुणाला ठेवलं, तर मांडी घालून समोर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या वयस्क बायकांना. मराठी गद्याच्या पहिल्या बहराचा इतिहास आपण शिकतो तेव्हा ‘लीळाचरित्र’ शिकतो, म्हाइंभट शिकतो. ज्यांच्यासाठी ते मराठीत राहिलं त्या म्हाताऱ्या मात्र परीक्षेत कधी येत नाहीत.

पोरांच्या जगात हा शब्द अजून लाडाचा आहे. रुईची बोंडं फुटली की वाऱ्यावर तरंगत येणारा पांढरा कापूस म्हणजे म्हातारी. जत्रेत काडीवर गुंडाळून मिळणारी गुलाबी मिठाई म्हणजे म्हातारीचे केस. आणि भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी ती म्हातारी तर प्रत्येक मराठी मुलाला भेटलेली असते. तिची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकटी बाई, हाडं वाजायला लागलेली, रानातून जाते. वाघ-कोल्ह्यांना ती शक्तीने भारी पडू शकत नाही, म्हणून वायदा करते, खाऊन-पिऊन ताजी होते आणि बुद्धीच्या बळावर घरी पोचते. रानात एकटी फिरणारी म्हातारी आपल्या बहुतेक गोष्टींत चेटकीण ठरते. इथे ती नायिका आहे, आणि ऐकणारं मूल वाघाच्या बाजूने कधीच नसतं. मग ते मूल मोठं होतं आणि कधीतरी त्याच्या तोंडी ‘म्हातारडी’ येतं. मधल्या वर्षांत त्याने घरात काय पाहिलं, काय ऐकलं, याचं उत्तर आपल्याकडेच मागायला हवं.

‘थेरडी’ हा त्याहून कडवट शब्द. तो उच्चारतानाच जिभेला टोक येतं. त्याचं मूळ ‘स्थविर’. जो स्थिर झाला, टिकला, तो स्थविर. पालीत त्याचं ‘थेर’ झालं. बौद्ध संघात दीक्षेला पुष्कळ वर्षं झालेला, नव्या भिक्खूंनी ज्याच्यापुढे वाकावं असा ज्येष्ठ तो थेर, आणि भिक्खुणींमधली अशी ज्येष्ठ ती थेरी. त्रिपिटकातल्या खुद्दकनिकायात ‘थेरीगाथा’ आहे. तिच्यातल्या ७३ रचना या थेरींच्या नावावर आहेत. बायकांनी स्वतःच्या जगण्याविषयी, म्हातारपणाविषयी, सुटकेविषयी रचलेला इतका जुना संग्रह जगाच्या वाङ्मयातही विरळा.

त्या थेरींमध्ये एक सोणा आहे. दहा मुलांची आई. थेरीगाथेवरच्या जुन्या टीकेत, म्हणजे अट्ठकथेत, तिची हकिगत सांगितली आहे. नवरा संन्यास घेऊन गेला. तिने मालमत्ता मुलांमध्ये वाटून टाकली, आणि वाटणी झाल्यावर घरात तिला कुणी विचारेनासं झालं. तेव्हा ती उठली आणि संघात गेली. वय झालेलं, दहा बाळंतपणांनी देह झिजलेला. बरोबरच्या भिक्खुणी तरुण. दिवसा वाट्याला आलेली कामं करावीत आणि रात्री अंधारात पडायला नको म्हणून ओवरीच्या खांबाला धरून चालत साधना करावी, असा तिचा क्रम. पुढे उद्योगशील भिक्खुणींमध्ये अग्रगण्य म्हणून खुद्द बुद्धाने तिचं नाव घेतलं. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कथा. मुलांना वाटणी करून दिलेली आणि नंतर घराला नकोशी झालेली आई आपण आजूबाजूला पाहतोच. फरक एवढाच की सोणाला जायला एक जागा होती आणि त्या जागेत वयाला मान होता. तिथे ती थेरी झाली. आपल्या गल्लीत तिला थेरडी म्हटलं असतं.

थेरीच्या या प्रवासाच्या खुणा महाराष्ट्राच्या अंगावर आहेत. मुंबईतच कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत थेरांचे उल्लेख येतात आणि लेणी, पाण्याच्या पोढी म्हणजे टाकी दान देणाऱ्या भिक्खुणींचेही. कुणाची लेक, कुणाची शिष्या, काय दिलं, हे त्यांच्या नावानिशी कातळात कोरलेलं आहे. पुढे बौद्ध संघ इथून ओसरला. ज्यांच्यामुळे शब्दाला तेज होतं ती माणसं गेली आणि मागे एक रिकामा शब्द राहिला. त्याला ‘-डा’, ‘-डी’ लागली. हा प्रत्यय आपल्याकडे अपभ्रंश भाषांमधून आला. ‘बापडा’ म्हणताना तो कळवळ्याचा असतो, ‘थेरडा’ म्हणताना तुच्छतेचा. १९५६ साली नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि या भूमीत तो जुना शब्द पुन्हा उभा राहिला. आज विहारातल्या वयोवृद्ध भिक्खूंच्या नावापुढे ‘महाथेरो’ आदराने लावलं जातं. एकाच गावात, एकाच दिवशी, विहारात ज्या शब्दापुढे माणसं हात जोडतात, त्याच शब्दाच्या पोटच्या शब्दाने नाक्यावर म्हातारीचा उद्धार होतो.

देवींच्या वाट्यालाही हेच आलं. षष्ठीची सटवाई झाली. मूल जन्मलं की तिची पूजा मांडायची, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी त्याचं भवितव्य लिहून जाते. राजाच्या पोराचं आणि मजुराच्या पोराचं कपाळ तिच्याच हातात. एवढा अधिकार असलेल्या देवीचं नाव आपण ‘सटवी’ करून बाईला शिवी म्हणून घालतो. ज्येष्ठेची कथा तशीच. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ती वर आली, म्हणून ज्येष्ठा. ध्वजावर कावळा, हाती केरसुणी. तामिळनाडूत तिच्या दगडी मूर्ती आजही आहेत. धाकटी लक्ष्मी झाली आणि थोरली अलक्ष्मी. मराठीने तिला ‘अक्काबाई’ म्हटलं. थोरल्या बहिणीला जी हाक मारायची, तीच हाक. आणि घराचे वासे फिरले, दारिद्र्य आलं की म्हणायचं, अक्काबाईचा फेरा आला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात आणि त्याच रात्री कुठे कुठे सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढतात.

पण महाराष्ट्राने ज्येष्ठेला पुरतं घालवलं नाही, हेही सांगायला हवं. भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर आपण गौरी पूजतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या असतात. सोन्याच्या पावलांनी घरभर फिरतात, कोठीची खोली, तिजोरी, चूल सगळं त्यांना दाखवायचं, विचारायचं, इथे काय आहे. थोरलीला आधी मान. माझ्या मते आपल्या घरांमध्ये थोरल्या बाईशी कसं वागावं याचा पाठ त्या तीन दिवसांत दिलेला आहे. तिला घर दाखवायचं, कोठार दाखवायचं, तिचं पाऊल कुठे पडलं की बरकत येईल ते पाहायचं. तीन दिवसांनंतर मुखवटे पेटीत जातात, आणि तो पाठही त्यांच्याबरोबर जातो.

हे मानाच्या शब्दांचं झालं. दुःखाचे शब्द याहून जड आहेत.

हडळ म्हटलं की डोळ्यांसमोर पिंजारलेले पांढरे केस आणि सुरकुतलेला चेहरा येतो. कोशात पाहिलं, जुन्या लोकसमजुती वाचल्या, की वेगळंच चित्र दिसतं. १९१५ मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याची सामग्री गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली होती आणि ते काम मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी सुरू केलेलं होतं. १९०९ साली नाशिकला ज्यांना गोळी घातली गेली, तेच हे जॅक्सन. त्या संग्रहात भुतांची वर्गवारी आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत मेलेली बाई हडळ होते. अळवंत म्हणजेही बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली. म्हणजे या भुतांना वय होतं, आणि ते कोवळं होतं. सोळा, अठरा, वीस वर्षांच्या त्या पोरी. ओलं अंग, अडलेली वार, उतरणारा ताप आणि पुन्हा चढणारा ताप, यांत गेलेल्या. जखीण मूळची यक्षिण, पाण्याची, झाडाची, धनाची राखणदारीण. गावाच्या वेशीवर तीच जाखाई म्हणून शेंदूर लावून बसलेली आहे. तिचं नावसुद्धा पुढे अकाली गेलेल्या सवाष्णीच्या भुताला दिलं गेलं.

माझ्या आजोळी, कृष्णाकाठच्या गावात, एक सुईण होती. सारं गाव तिला मामी म्हणे. मी पाहिली तेव्हा ती पाऊणशेच्या घरातली असेल. बोटं वाकलेली, पण नखं कायम मुळापासून कापलेली. आजीने विचारलं तर म्हणाली होती, “वैनी, नखात मरण असतंय बायाचं.” बोलावणं आलं की कंदील घेऊन निघायची. आधी चुलीवरचं कढत पाणी मागायची, हात कोपरापर्यंत धुवायची, मग बाळंतिणीच्या पोटावर तेलाचा हात फिरवून मूल कसं आहे ते डोळे मिटून सांगायची. बाळ आलं की लोक आनंदाने बाहेर पळत, ती मात्र हलायची नाही. वार पडेपर्यंत तिचं लक्ष बाळाकडेसुद्धा नसे. नाळ कापून, दोरा बांधून, बाळ पुसून आजीच्या हाती द्यायची आणि पुन्हा आईपाशी बसायची.

गल्लीतली एक सून तिच्या हातून गेली. आजी सांगायची ती हकिगत. वार पडली नाही, रक्त थांबेना, बैलगाडी जुंपून तालुक्याला न्यायचं ठरलं आणि गाडी वेशीपर्यंतही पोचली नाही. त्या घराने मग काय केलं? उंबऱ्यात खिळा ठोकला. स्मशानापर्यंतच्या वाटेवर राळे पेरले, म्हणजे ती परतून यायला लागली तर दाणे वेचता वेचता तिची रात्र सरावी. ज्या पोरीने त्या उंबऱ्यावर वर्षभर रांगोळी घातली तिची घराला एका रात्रीत भीती वाटायला लागली. तिच्यासाठी मोठ्याने रडायचीही सोय राहिली नाही. भुतासाठी कोण रडणार? आणि जिने सगळी रात्र जागून काढली होती त्या मामीविषयी कुजबुज सुरू झाली, हिचीच नजर लागली. मूळच्या हडळीला खिळ्यापलीकडे ठेवलं आणि तिचं नाव जिवंत म्हातारीला चिकटवून टाकलं.

हे मला समजतं तेव्हा फार खोल काहीतरी हलतं. बाळंतपणात बायका मरत होत्या, त्याला कारणं होती. कोवळ्या वयातली लग्नं, अंगात रक्त नसणं, पाठोपाठची बाळंतपणं, दवाखाना कोसांवर. ही कारणं उच्चारायची तर नवऱ्याला, सासऱ्याला, गावाला, सरकारला जाब विचारावा लागला असता. भूत म्हटलं की जाब संपला. आणि ज्या बायका या सगळ्यातून वाचल्या, साठी-सत्तरीला पोचल्या, त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. ही कशी जगली? हिने कुणाचं आयुष्य खाल्लं? तरुणपणी मेली तर हडळ आणि म्हातारी होईपर्यंत जगली तरी हडळ, मग बाईने करायचं तरी काय?

विधवेच्या वाट्याचे शब्द याच संशयातून आलेत. ‘रांड’ म्हणजे आधी नुसतीच विधवा, ‘रांडाव’ म्हणजे वैधव्य. नवरा गेला ही दुःखाची बातमी, आणि ती सांगणारा शब्द बाजारातली शिवी झाला. ‘बोडकी’ तर डोळ्यांसमोर घडवलेली शिवी. आधी केस कापायचे, लाल आलवणात गुंडाळायचं, आणि मग कापलेल्या केसांवरूनच नाव ठेवायचं. याविरुद्ध बोलणारी माणसंही याच मातीत निपजली. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि जे दोष बाईच्या माथी मारले जातात ते पुरुषाच्या पदरात एकेक करून घातले. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मला या घटनेचं अप्रूप वाटतं, कारण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. उपदेश पुष्कळांनी केला होता, यांनी आपल्या मजुरीवर पाणी सोडलं.

शब्द बदलून हा प्रश्न सुटत नाही, हेही आपण पाहिलेलं आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा विचार मंत्रालयातून पुढे आला आणि बायकांनीच त्याला कडाडून विरोध केला. पत्रिकेवर ‘गं. भा.’ तर पूर्वीही लागत होतं. नदीचं नाव लावून घेतलेल्या बाईला त्याच पत्रिकेतल्या लग्नात मागे उभं राहावं लागत होतं. याच्या उलट एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. ठरावात नवं नाव कुणाला दिलं नव्हतं. बाईच्या अंगावर होणारी एक कृती थांबवली होती. सरकारने मग इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मला हेरवाडचा रस्ता खरा वाटतो. हात थांबला की त्या हाताने घडवलेला शब्द हळूहळू ओस पडतो.

आणि काही ठिकाणी हात अजून थांबलेला नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेतल्या पाड्यांवर, ‘डाकीण’ हा शब्द शिवी राहत नाही, तो निकाल असतो. लेकरू तापाने फणफणतं, गाय मरते, पीक जातं. भगताकडे जातात. तो एका बाईकडे बोट दाखवतो. ती बहुधा वयस्क, एकटी, नवरा गेलेली असते, आणि पुष्कळदा तिच्या नावावर किंवा कसणुकीत जमिनीचा तुकडा असतो. त्यानंतर मारहाण, गावाबाहेर हुसकावणं, कधी जीवही. अदृश्य शक्तींशी बोलणं असतं ते दोघांचंही, भगताचं आणि जिला डाकीण म्हणतात तिचं, असं गावच मानतं. पण त्याला कोंबडं आणि दक्षिणा मिळते, तिला काठी मिळते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या पाड्यांवर वर्षानुवर्षं जात आहेत. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्या अंगी सैतानी शक्ती आहे, असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बिहारने असा कायदा १९९९ मध्येच केला होता. झारखंडच्या छुटनी महतो यांना डायन ठरवून घराबाहेर काढलं होतं. पुढे त्यांनी अशाच बायकांना आधार देण्याचं काम उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका शब्दापायी माणूस मरतो हे कायद्याने मान्य करायला इतकी वर्षं लागली. आपल्या दिवाणखान्यात थट्टेत उच्चारलेली ‘चेटकीण’ आणि पाड्यावरची ‘डाकीण’ यांच्यात अंतर आहे, पण जात एकच आहे.

शहरातल्या घरात आपण इतके कठोर शब्द वापरत नाही, म्हणून सुटलो असं वाटतं. तिथला शब्द साधा आहे: खवट. सासू खवट, शेजारच्या आजी खवट. खोबरं खवट होतं ते फडताळात पडून राहिल्यावर, रोज हाताळलं गेलं तर होत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं घरातलं वाणसामान भरलं, लग्नं ठरवली, बाळंतपणं काढली, भावकीतली भांडणं मिटवली, तिच्याकडून एकेक काम काढून घेतलं जातं. ‘आई, तू आता आराम कर.’ प्रेमानेच म्हटलेलं असतं. मग बँकेचं पुस्तक मुलाकडे जातं, किल्ल्या सुनेकडे जातात, दवाखान्यात डॉक्टर तिच्या दुखण्याविषयी तिच्या देखत मुलाशी बोलतात. उरतं फक्त तोंड, आणि ते चाललं की खवट ठरतं. तिचं बोलणं कडू का झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

मला तर वाटतं, शब्द पडतो तो बाईच्या मागोमाग. महत्तरांचा अधिकार गेला तेव्हा म्हातारी नुसती वयाची उरली. संघ ओसरला तेव्हा थेरीची थेरडी झाली. सुईणीच्या हातातलं काम गेलं तेव्हा तिची नजर तेवढी लक्षात राहिली. म्हणून शब्द उचलायचा असेल तर आधी बाईला उभं करायला हवं. १९९० च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून, आणि गावंच्या गावं त्यात उतरली होती. सातबाऱ्यावर नाव चढलेल्या बाईशी तलाठ्याला, सोसायटीच्या सचिवाला, पोटच्या मुलालाही बोलताना शब्द तोलावा लागतो. हे रोकडं आहे, आणि म्हणूनच टिकाऊ आहे.

तेव्हा घरातल्या म्हातारीसाठी गोड शब्द शोधत बसण्याआधी तिला विचारायच्या गोष्टी विचाराव्यात. तुझं माहेरचं नाव काय होतं? सुईण कोण होती तुझ्या वेळी? तुझ्या पाठच्या बहिणी किती जगल्या? वाटणीच्या कागदावर अंगठा देताना तुला काय सांगितलं होतं? घर विकायचं ठरलं तर तिला आधी विचारावं, तिच्या औषधाचा निर्णय तिच्याशी बोलून घ्यावा, तिच्या नावावर जे आहे ते तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहू द्यावं. सोणाने मुलांना वाटून दिलं आणि घर गमावलं. आपल्या घरातल्या बाईला तसं देऊन टाकायची घाई कुणी करायला लावू नये. ज्या घरात म्हातारीचा शब्द चालतो, त्या घरात तिला उद्देशून वाईट शब्द काढायला कुणाची जीभ उचलत नाही. बाकी सगळी व्युत्पत्ती त्यानंतरची.